पहिल्यांदाच स्टेजवर गिटार वाजवायचीय? कॉर्ड चुकली तरी चालेल, हात थांबता कामा नये

डिसेंबर-जानेवारी आला की यवतमाळपासून पुसद, वणी, दारव्ह्यापर्यंत कॉलेजांत गॅदरिंगची गडबड सुरू होते. गाणारा मित्र तयार असतो, आणि तीन-चार महिन्यांपूर्वी गिटार घेतलेल्या मित्राला तो सांगतो, "तूच वाजव." घरी बरं वाजणारं गाणं मग स्टेजवर नेमकं का फसतं?

बहुतेकदा कारण एकच असतं. कॉर्ड चुकते, वाजवणारा थांबतो, गाणारा मागे वळून बघतो आणि गाणं मोडतं.

ऱ्हिदम गिटारचं काम तबल्याच्या जवळचं आहे. आर. डी. बर्मन यांच्याकडे भानू गुप्ता ऱ्हिदम गिटार वाजवायचे. अशा गिटारकडे ऐकणाऱ्याचं वेगळं लक्ष जात नाही, पण ती काढली तर गाणं रिकामं वाटतं. चुकीची कॉर्ड एका क्षणात विसरली जाते, तुटलेला ताल मात्र सगळ्यांना कळतो.

आधी उजवा हात

आपली बरीच गाणी केरव्यात, म्हणजे आठ मात्रांत असतात. त्यावर चालणारा एक सोपा स्ट्रोक असा: 1 खाली, 2 रिकामी, 3 खाली, 4 वर, 5 रिकामी, 6 वर, 7 खाली, 8 वर. रिकाम्या मात्रेवर तारांना स्पर्श करायचा नाही, पण हात हलताच ठेवायचा. विषम मात्रेला तो खाली जातो, सम मात्रेला वर येतो. दादरा असेल तर सहा मात्रा मोजा आणि पहिलीवर जोर द्या.

मोबाईलवर मेट्रोनोम लावा आणि गाण्याच्या मूळ वेगापेक्षा हळू सुरुवात करा. दोन कॉर्ड घ्या आणि बदलताना बोटं पोचली नाहीत तरी उजवा हात चालू ठेवा. सरावाचा खरा मुद्दा हाच आहे.

गाणारा म्हणतो "काळी एक", मग?

आपल्याकडे पट्टी पेटीवरून सांगतात. गिटारवर त्यासाठी कॅपो वापरा:

- काळी एक: कॅपो चौथ्या फ्रेटवर, कॉर्ड ए, डी, ई
- काळी दोन: कॅपो पहिल्या फ्रेटवर, कॉर्ड डी, जी, ए
- पांढरी चार: कॅपो तिसऱ्या फ्रेटवर, कॉर्ड डी, जी, ए

म्हणजे गाण्याचा मुख्य सूर बदलला तरी बोटं ओळखीच्याच जागी राहतात. गाणं निवडतानाही तीन-चार कॉर्डचंच घ्या. पट्टी मात्र गाणाऱ्याच्या गळ्याला सोयीची हवी, गिटारच्या नाही.

शेवटचा आठवडा

नवीन तारा लावायच्या असतील तर चार-पाच दिवस आधी लावा. नव्या तारा ताणल्या जातात आणि सूर उतरतो. जादा संच आधीच आणून ठेवा, ऐनवेळी गावात मिळेलच असं नाही.

सराव उभं राहून करा. बसून वाजवायची सवय असेल तर पट्टा लावल्यावर मनगटाचा कोन बदलतो. रोज एकदा गाणाऱ्यासोबत पूर्ण गाणं न थांबता वाजवा आणि व्हिडिओ काढा. कितीही चुका झाल्या तरी मध्ये थांबायचं नाही, हा नियम दोघांनी पाळायचा.

त्या रात्री

कार्यक्रम मैदानात असेल तर थंडीने तारा आवळतात आणि सूर चढतो. स्टेजच्या लाईटखाली तो पुन्हा उतरू शकतो. म्हणून खोलीत जुळवलेल्या गिटारवर विसंबू नका, वर जाण्याआधी ट्यूनर लावून बघा.

साध्या गिटारसमोर माईक ठेवणार असतील तर तो गोल छिद्रासमोर नको, आवाज घुमतो. गळा जिथे पेटीला जोडलेला असतो, तिकडे वळवायला सांगा.

सुरुवातीला "एक, दोन, तीन, चार" मोजा, गाणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. घाबरल्यावर वेग हमखास वाढतो, त्यामुळे ही मोजणी मुद्दाम थोडी सावकाश करा. पुढे कॉर्ड चुकलीच तर तार हलकी दाबून नुसता ताल वाजवा आणि पुढच्या कॉर्डला गाण्यात परत या. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना काही झालं हे कळणारही नाही.