विदूषक मासा, त्याचें घर आणि त्याचा रंग

काचेच्या पेटींत रंगीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे आतां पुष्कळ घरांतून दिसूं लागली आहे. त्यांत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारा विदूषक मासा मुलांच्या विशेष आवडीचा. २००३ सालीं निघालेल्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटानें तर त्याला घरोघरीं नेऊन पोंचविलें. परंतु दुकानांत एकाच नांवाचे दोन मासे शेजारीं ठेवून पाहावे, तर एक झळझळीत नारिंगी, तर दुसरा काळसर. एकाचे पट्टे पूर्ण, तर दुसऱ्याचा मधला पट्टा अर्ध्यावरच थांबलेला, असा भेद दिसतो. हा भेद कशानें होतो? तो जन्माचा गुण म्हणावा, अन्नाचा म्हणावा, कीं ज्याच्या आश्रयास हा मासा राहतो त्या समुद्रपुष्पाचा म्हणावा? अलीकडील संशोधनानें या प्रश्नावर बराच प्रकाश पाडला आहे. तो आमच्या वाचकांपुढें सोप्या शब्दांत ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम यजमानाची ओळख करून घेऊं. समुद्रपुष्प हें नांवानें पुष्प असलें तरी तें फूल नव्हे आणि वनस्पतिही नव्हे. तो पोंवळ्याच्या नात्यांतला एक प्राणी आहे. खडकाला किंवा वाळूखालीं पाय घट्ट रोवून तो बसतो आणि तोंडाभोंवतीं मऊ स्पर्शिका पसरून ठेवतो. प्रत्येक स्पर्शिकेंत असंख्य सूक्ष्म डंखपेशी असतात. एखादा लहान मासा त्यांस चुकून लागला, तर त्या पेशींतून विषारी तंतु सुटतात, मासा लुळा पडतो आणि समुद्रपुष्पाचें भक्ष्य होतो. असें असतांही विदूषक मासा त्याच स्पर्शिकांत खुशाल लोळत असतो. त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरण त्यास या डंखांपासून वांचवितें. कथबर्ट कॉलिंगवुड या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें चिनी समुद्रांत पाहिलेल्या या नवलाची हकीकत १८६८ सालीं प्रसिद्ध केली. हा आश्रय एकतर्फी नाहीं. समुद्रपुष्पाच्या स्पर्शिका कुरतडणाऱ्या माशांना विदूषक मासा हुसकून लावतो, आणि त्याच्या मलमूत्रांतून समुद्रपुष्पाच्या अंगांत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळास पोषण मिळतें. विदूषक माशांच्या सुमारें ३० जाति आहेत. त्यांना थारा देणाऱ्या समुद्रपुष्पांच्या जाति मात्र १० च्या आसपास मानल्या जातात.

आतां रंगाकडे वळूं. माशाचा रंग भिंतीला चुना फांसावा तसा वरून लावलेला नसतो. तो कातडींतील निरनिराळ्या पेशींचा खेळ असतो. विदूषक माशाच्या अंगीं अशा पेशी मुख्यतः तीन प्रकारच्या. एकींत पिंवळे-नारिंगी रंगद्रव्य असतें, दुसरींत काळें. तिसरींत रंगद्रव्य मुळींच नसतें. तींत बारीक स्फटिकांच्या चकत्या असतात, आणि त्यांवरून प्रकाश परतून आल्यामुळें ती जागा पांढरी दिसते. माशाचे पांढरे पट्टे हे या तिसऱ्या प्रकारच्या पेशींचे बनलेले असतात.

अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिलाच्या अंगावर हे पट्टे नसतात. तें जवळजवळ पारदर्शक असतें आणि सुमारें दहा-बारा दिवस उघड्या समुद्रांत वाहत राहतें. नंतर त्याचें रूपांतर होतें, अंगावर रंग चढतो, पट्टे उमटूं लागतात आणि तें समुद्रपुष्पाच्या शोधांत खडकाळ भागाकडे येतें. या रूपांतराचें सूत्र कोणाच्या हातीं असतें? आमच्या विद्यार्थ्यांनीं बेडकाच्या पिलाची गोष्ट शाळेंत ऐकली असेल. त्याचें शेपूट जाऊन पाय फुटतात ते अवटु, म्हणजे थायरॉइड, ग्रंथींतून निघणाऱ्या द्रव्याच्या आज्ञेनें. विदूषक माशाच्या पिलाचेंही रूपांतर याच द्रव्यामुळें होतें. प्रयोगशाळेंत पिलांना हें द्रव्य अधिक दिलें असतां पट्टे लवकर उमटले, आणि त्याची क्रिया रोखली असतां ते उशिरां उमटले.

येथें यजमानाचा संबंध येतो. पापुआ न्यू गिनी या देशांत न्यू ब्रिटन बेटाच्या कडेस किंबे नांवाचा उपसागर आहे. तेथें पर्क्युला जातीचे विदूषक मासे दोन प्रकारच्या समुद्रपुष्पांत राहतात. एक जायगँटिया नांवाचें गालिच्यासारखें पसरलेलें, दुसरें मॅग्निफिका नांवाचें लांब स्पर्शिकांचें. पोलीन सालिस, व्हिन्सेंट लोदे व त्यांचे सहकारी यांनीं २०२१ सालीं असें दाखवून दिलें कीं, जायगँटियांत राहणाऱ्या पिलांचे पट्टे मॅग्निफिकांत राहणाऱ्या त्याच वयाच्या पिलांपेक्षां लवकर पूर्ण होतात. त्या पिलांच्या शरीरांत अवटु ग्रंथीचें द्रव्यही अधिक आढळलें, आणि तें तयार करण्यास लागणारें एक जनुक अधिक जोमानें काम करीत असल्याचें दिसून आलें. जायगँटियाच्या अंगीं दाह अधिक असल्यामुळें त्यांत राहावयास पिलाच्या शरीरास जास्त शक्ति खर्चावी लागत असावी व म्हणून हें द्रव्य वाढत असावें, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. मात्र येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी: मॅग्निफिकांतील पिलांनाही पुढें तेच पट्टे येतात. घर बदलल्यानें जात बदलत नाहीं. बदलते ती वाढीची गति.

पट्ट्यांचा हा उशीर किंवा ही घाई माशाच्या दृष्टीनें क्षुल्लक नाहीं. ओसेलॅरिस जातीच्या माशांपुढें निरनिराळ्या पट्ट्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिमा ठेवून जपानांतील ओकिनावा येथें प्रयोग करण्यांत आले. ते २०२४ सालीं प्रसिद्ध झाले. स्वतःप्रमाणें तीन पट्टे असलेल्या प्रतिमेवर हे मासे वारंवार तुटून पडले. बिनपट्ट्याच्या प्रतिमेकडे त्यांनीं त्या मानानें दुर्लक्ष केलें. म्हणजे पट्टे ही केवळ शोभा नसून, 'हा आपल्याच जातीचा, आपल्या घरावर हक्क सांगणारा' अशी ती ओळख आहे.

पट्ट्यांची गोष्ट झाली. काळ्या रंगाची थोडी निराळी आहे. क्लार्कचा विदूषक मासा साधारणतः नारिंगी किंवा तपकिरी असतो. पण तोच मर्टेन्स नांवाच्या गालिचा-समुद्रपुष्पांत राहत असला कीं पुष्कळदां जवळजवळ काळा दिसतो. हा काळेपणा घराचा. याच्या उलट ऑस्ट्रेलियांतील डार्विन शहराजवळच्या समुद्रांत ओसेलॅरिस माशांची एक काळी-पांढरी जात मिळते. तिचीं पिलें काचेच्या पेटींत, समुद्रपुष्पावांचून वाढविलीं तरी मोठेपणीं काळींच होतात. हा काळेपणा वंशाचा. डोळ्यांना दोन्ही मासे सारखेच काळे. परंतु कारणें मात्र भिन्न. म्हणून केवळ रंग पाहून 'हा अमक्या जातीचा' असा निकाल देणें धोक्याचें आहे.

घरच्या पेटींत मग काय होतें? गालिचा-समुद्रपुष्प ठेवल्यावर आपले मासे कांहीं महिन्यांत काळवंडले, असें मासे पाळणारे पुष्कळ जण सांगतात. वरील माहिती पाहतां हें अशक्य नाहीं. पण त्याच कांहीं महिन्यांत दुसऱ्याही गोष्टी बदललेल्या असतात. समुद्रपुष्पासाठीं दिवे प्रखर केलेले असतात आणि प्रकाशाचा परिणाम रंगावर होतो. नारिंगी रंगद्रव्य माशाला स्वतः तयार करतां येत नाहीं. तें कोळंबीसारख्या अन्नांतूनच मिळावें लागतें. म्हणून निकृष्ट खाद्यावर वाढलेला मासा फिकट दिसतो. वयाचाही परिणाम असतोच. टोमॅटो विदूषक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाच्या पिलास दोन-तीन पट्टे असतात, पण मोठेपणीं डोक्यावरचा एकच उरतो. शिवाय पैदास केंद्रांत वाढलेल्या पुष्कळ माशांचे पट्टे प्रथमपासूनच अपुरे असतात. मागाहून आणलेलें समुद्रपुष्प ते पुरे करील, अशी आशा धरूं नये.

मग खरें कारण ओळखावें कसें? उपाय सोपा आहे व तो शास्त्राचा पाया आहे. एकाच आईबापांचीं पिलें दोन सारख्या पेट्यांत ठेवावीं. पाणी, दिवे, खाद्य, उष्णता सर्व एकसारखें असावें. समुद्रपुष्प मात्र एकाच पेटींत असावें. असें करून भेद दिसला, तरच तो समुद्रपुष्पाचा म्हणतां येईल. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम आमच्या विद्यार्थ्यांना रंगीत माशांहूनही अधिक उपयोगी पडेल.

आतां एक विनंती पालकांस व मुलांस सारखीच. माशाचा रंग खुलावा म्हणून समुद्रपुष्प विकत आणण्याचा मोह आवरावा. त्याला प्रखर प्रकाश, स्थिर क्षारता व जुनी मुरलेली पेटी लागते. नवशिक्याच्या लहान पेटींत तें जागा बदलीत फिरतें, कधीं पाण्याच्या पंपांत ओढलें जाऊन चिरडतें, आणि मेलें म्हणजे सारें पाणी नासवितें. वस्तुतः समुद्रपुष्पाचें आयुष्य केवढें दीर्घ असूं शकतें! सर जॉन डॅलियेल यांनीं १८२८ सालीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक लहान समुद्रपुष्प आणून काचेच्या बरणींत ठेविलें. तें विदूषक माशांना थारा देणाऱ्या जातींपैकीं नव्हतें. डॅलियेल १८५१ सालीं वारले. तें मात्र एडिंबरोंत 'आजी' या नांवानें प्रसिद्ध होऊन १८८७ पर्यंत जगलें. ज्याला निसर्गानें माणसाएवढें आयुष्य दिलें, तें आपल्या चार महिन्यांच्या हौसेखातर मरावें, हें बरें नव्हे.

शिवाय समुद्रांतून एक समुद्रपुष्प उचललें कीं एक घर उठतें. एका समुद्रपुष्पांत बहुधा एक मोठी मादी, तिचा नर व कांहीं लहान मासे असें सबंध कुटुंब नांदत असतें. फिलिपाइन्समधील सेबू बेटाजवळ पेट्यांच्या व्यापारासाठीं पकड होत असलेल्या जागीं समुद्रपुष्पें व विदूषक मासे दोन्हीं कमी आढळल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत नमूद आहे. घर नुसतें आजारी पडलें तरी राहणाऱ्यास त्याची झळ लागते. पॅसिफिक महासागरांतील मूरिया बेटाजवळ २०१६ सालीं समुद्राचें पाणी तापून कांहीं समुद्रपुष्पें पांढरीं फटक पडलीं, तेव्हां त्यांत राहणाऱ्या माशांच्या रक्तांत ताणाचें द्रव्य वाढलें आणि त्यांची अंडीं पुष्कळच घटलीं.

विदूषक मासा पाळावयाचा तर पैदास केंद्रांत जन्मलेलाच घ्यावा. आपल्या देशांतही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें या माशांची पैदास यशस्वी करून दाखविली आहे. असा मासा समुद्रपुष्पावांचूनही पेटींत सुखानें राहतो. त्याला चांगलें अन्न, स्वच्छ पाणी व नियमित प्रकाश द्यावा. त्याचा एखादा पट्टा अर्धा असला किंवा रंग चित्रपटांतल्या माशाएवढा झळझळीत नसला, तरी त्यांत त्याचें उणें मानूं नये. त्याच्या अंगावर त्याच्या वंशाचा, अन्नाचा, वयाचा व घराचा असा चौघांचा हिशेब लिहिलेला असतो; तो वाचावयास शिकणें यांतच मासा पाळण्याचें खरें सुख आहे.