काठी नको, खाऊ हवा

कुत्र्याला वळण लावायचे तर काठी हवीच, असे माझ्या दवाखान्यात येणारे अनेक जण म्हणतात. मी त्यांना सांगतो, माराने कुत्रा भितो आणि भ्यालेला कुत्रा चावण्याचा संभव अधिक.

त्यापेक्षा खेळ खेळा. कुत्र्याच्या तोंडातला चेंडू ओढू नका. भाकरीचा तुकडा नाकाजवळ धरा. चेंडू सुटताना 'सोड' म्हणा, लगेच तुकडा द्या व चेंडूही परत द्या. उशीर झाला तर बक्षीस कशाचे, हे त्याला उमगत नाही. रोज दोन-तीनदा 5 मिनिटे पुरेत. काही दिवसांनी नुसत्या शब्दावर तो वस्तू सोडू लागतो. मग मुलांची खेळणी त्याने उचलली तरी झटापट होत नाही. चॉकलेट, कांदा, द्राक्षे, बेदाणे मात्र देऊ नयेत. ती त्याला बाधतात.

शिकवलेला कुत्राही प्रसंगी चावतो. म्हणून पिल्लू 3 महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचावी. पुढील डोसही चुकवू नयेत. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही.