बस्तीतली पोथी आणि तिचे सोयरे

दूधगंगेकाठच्या सदलग्याचे नाव आज बहुतेकांना जैन आचार्य विद्यासागरांमुळे माहीत असते. त्यांचा जन्म इथलाच, 1946चा. त्याआधी चाळीस वर्षे, 1906 साली, याच गावात आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये जन्मले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते अर्धमागधी शिकवू लागले. जुने ग्रंथ जपणाऱ्या लहान संस्था एकमेकींच्या आधाराने कशा तगतात, हे मला त्यांच्या कामातून सर्वांत लख्ख दिसले.

गावची बस्ती, म्हणजे जैन मंदिर, किंवा मठ पोथ्या श्रद्धेने बासनात बांधून ठेवतो. पण ती लिपी वाचणारा, सूची करणारा आणि छपाईचा खर्च उचलणारा असे तिघेही एकाच बस्तीला कुठून मिळणार? शिवाय एका प्रतीवर ग्रंथ उभा राहत नाही. एकीतले पान गहाळ, दुसरीत लेखनिकाची चूक. पाठ जुळवायला चार ठिकाणच्या प्रती एकत्र याव्या लागतात.

‘धवला’ या जुन्या जैन टीकेचेच पाहा. तिची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीच्या बस्तीत होती. भाविक त्यांचे दर्शन घेत, मजकूर मात्र अभ्यासकांपर्यंत पोचत नव्हता. बऱ्याच वर्षांच्या नकलांनंतर हिरालाल जैन यांनी अमरावतीतून 1939पासून ती 16 खंडांत छापून आणली. पैसा विदिशेच्या शेठ लक्ष्मीचंद्रांचा, सहकार्य उपाध्यांचे. मूडबिद्रीचे मोठेपण त्यात तसूभर कमी झाले नाही. सोलापुरात ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशींच्या दानातून ग्रंथमाला सुरू झाली. तिचे पहिले पुष्प ‘तिलोयपण्णत्ति’ 1943 आणि 1951मध्ये दोन भागांत निघाले. संपादक हिरालाल जैन आणि उपाध्ये हेच दोघे.

माणसे घडवणे हाही या आधाराचाच भाग. निपाणीजवळच्या स्तवनिधीला 1899 साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. आजची दक्षिण भारत जैन सभा ती हीच. तिच्या बोर्डिंगांनी खेड्यातल्या मुलांची शहरात राहण्या-जेवण्याची सोय केली. ग्रंथवारशाच्या आढाव्यात वसतिगृहांना सहसा जागा मिळत नाही. मला ती द्यावीशी वाटते, कारण शिकलेला मुलगाच उद्या पोथी वाचणार असतो.

केंद्र सरकारने 2003मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. निवडक संस्थांना संसाधन व संवर्धन केंद्रे म्हणून जोडून त्यांच्यामार्फत नोंदणी, जतन आणि प्रशिक्षण करायचे, ही त्याची पद्धत होती. दिशा बरोबर होती. तरी माझा आग्रह असा, की पोथी मालकाच्या ताब्यातच राहावी, छायाप्रत बाहेर जावी, सूचीची एक प्रत विश्वस्तांच्या हाती यावी आणि झाडपूस करण्याचे आणि वाळवी, ओल यांपासून पोथी जपण्याचे शिक्षण गावातल्याच कुणाला मिळावे.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या सीमाभागात आणखी एक गोष्ट लागते, दोन्ही भाषांची सोबत. उपाध्ये 1967 साली श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मराठ्यांच्या बोलीची जुनी खूण जपणारी, 779 सालची ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथाही त्यांनीच संपादिली. इथल्या पोथ्यांची यादी करायला कन्नड लिपी वाचणारा आणि मराठी जाणणारा एकाच बैठकीला हवेत. धारवाड-म्हैसूरच्या आणि पुणे-कोल्हापूरच्या संस्थांनी ती बैठक सदलग्यासारख्या गावात येऊन घ्यावी.