सोलापूरचा रामजोशी

उत्तर पेशवाईंतला हा शाहीर आपल्या सोलापूरचा. घराणें विद्वान् ब्राह्मणांचें. पण रामजोशी धोंडी शाहिराच्या फडांत रमला, तेव्हां वडील बंधु मुद्गल जोशी यांनीं त्याला घराबाहेर काढलें, असें सांगतात. तो पंढरपुरास जाऊन संस्कृत शिकला. आणि परतल्यावर पुन्हा डफ-तुणतुण्याकडेच वळला! माझ्या मतें खरी मौज येथेंच आहे. पंडिताची शब्दकळा लावणीस मिळाली. अनुप्रास-यमकें इतकीं दाट, कीं गाणाराचा श्वास कोंडावा. सोलापुरांत मराठीच्या शेजारीं कानडी नांदते. त्यानें तर संस्कृत व हिंदुस्थानीही जोडून एकाच लावणींत चार भाषा खेळविल्या. पुढें मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) सहवासानें तो कीर्तनाकडे वळला व त्यांच्या आर्या गाऊं लागला. मराठी छपाई रुळण्यापूर्वींच त्या आर्या लोकांच्या कानीं पडल्या, त्याचें बरेंच श्रेय या तमासगिराच्या गळ्याला आहे.