शेवाळ मारू नका, कापा

चाचणी नायट्रेट-फॉस्फेट शून्य दाखवते, तरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत काचा हिरव्या होतातच, असे का, हा शौकिनांचा नेहमीचा प्रश्न. चाचणी मोजते ते पाण्यात उरलेले. शेवाळाने आधीच फस्त केलेले तिला दिसत नाही. माशांना घातलेल्या खाद्यातला नायट्रोजन-फॉस्फरस थोडा त्यांच्या अंगी लागतो, बाकीचा टाकीतच साचतो. औषध टाकून शेवाळ मारले, तर ते कुजते, पाण्यातला प्राणवायू संपवते आणि पोटातला ऐवज पाण्याला परत करते. केर काढून तो पलंगाखाली सारण्यातलाच हा प्रकार. त्यातून औषधात तांबे असेल तर प्रवाळ आणि गोगलगायींचाही जीव जातो. शेवाळाला वाढू द्यावे, पण आपण नेमून दिलेल्या जागी, आणि मग कापून बाहेर काढावे, हे जास्त शहाणपणाचे.

वनस्पतींकडून पाणी राखून घेण्याची ही युक्ती जुनी आहे. अ‍ॅना थिन यांनी 1846 मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ सुई-दोऱ्याने स्पंजला टाचून, बरणीतून लंडनला नेले. मोलकरीण उघड्या खिडकीपाशी ते पाणी रोज वरून खाली ओतत बसे (हवेचा पंप तो हाच!). पुढल्या वर्षी त्यांनी समुद्री शेवाळ आणून टाकले आणि टाकी टिकली. मत्स्यालयाच्या इतिहासात नाव मात्र गाजले ते निसर्गअभ्यासक फिलिप गॉस यांचे. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी उथळ तबकात जाळी अंथरली, वर दिवे लावले, लाटांसारखे पाणी सोडले आणि जाळीवर माजलेले शेवाळ वरचेवर खरवडून काढले.

अशा टाकीचे पाणी पिवळसर होते, हा आक्षेप खरा आहे. सक्रिय कोळशाने तो रंग जातो. दुसरा आक्षेप वजनदार: समुद्रात कापणी कोण करते? सागरी साळी (सी अर्चिन) करतात. कॅरिबियनमध्ये 1983 पासून साथीने त्या मेल्या आणि जमैकाच्या प्रवाळभित्ती शेवाळाखाली गेल्या. मग टाकीतही साळ सोडावी की! जरूर सोडावी, काचा-दगड स्वच्छ राहतील. पण समुद्रात तिची विष्ठा प्रवाहाबरोबर दूर जाते, टाकीत ती तिथेच राहते. म्हणून चाचणीतल्या शून्यावर विसंबू नका. दर आठवड्याला किती शेवाळ टाकीबाहेर काढले, त्याची नोंद ठेवा.