कॅसिओला संगणक जोडताना

सिंथेसायझर आणि संगणक यांना जोडणाऱ्या तारेतून आवाज जात नाही. जातात त्या सूचना: कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, कधी सोडली. स्वरलिपीच्या वहीला जसा स्वतःचा गळा नसतो आणि तीच बंदिश दोन गायकांच्या तोंडी निराळी होते, तसेच इथे आहे. सूचना तीच राहते. तिच्यातून सतार उमटवायची की ऑर्गन, हे पलीकडचे वाद्य ठरवते. हेडफोनच्या भोकातून तार काढून संगणकाच्या माइकच्या भोकात घातली तर आवाजाचे ध्वनिमुद्रण होईल, पण त्यातला कोणता सूर काळी एक आणि कोणता पांढरी चार, हे प्रोग्रामला सहजी कळणार नाही. सूचनांच्या तारेवर ते आयते आकड्यांत मिळते, आणि हौशी प्रोग्रामरला हवे असते तेच.

या सूचनांच्या भाषेला मिडी म्हणतात. ती येण्याआधी प्रत्येक कंपनीची बोली वेगळी होती. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वावरलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर राग आणि डिस्कोचा ठेका एकत्र आणून ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. त्यांतली तालाची आणि बेसची यंत्रे एका लयीत चालवण्याची सोय होती, पण ती मुख्यतः रोलँडच्या घरातली. गंमत अशी की त्या सोयीचे पाच टाचण्यांचे भोक आणि नंतरच्या मिडीचे भोक दिसायला एकच आहे. जुन्या यंत्राला मिडीची तार चपखल बसते आणि काहीच घडत नाही.

अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ही फाटाफूट मिटली. जानेवारी १९८३ मध्ये स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ जाहीर प्रदर्शनात एकमेकांना जोडून दाखवले गेले, आणि त्याच वर्षी नियमावली छापून आली. १९८५ च्या अटारी एसटी या घरगुती संगणकाला मिडीची भोके कारखान्यातूनच आली. भारतात १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने आणलेल्या ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या संगणकाला मात्र त्यासाठी वेगळी पेटी लावावी लागली असती. आज कोणताही लॅपटॉप पुरतो.

मिडीच्या पाच टाचण्यांपैकी कामाच्या तीनच. त्यांतल्या दोन टाचण्यांतून सुमारे पाच मिलिअँपिअरचा प्रवाह चालू-बंद होतो आणि घेणाऱ्या वाद्यात एक बारीकसा दिवा लुकलुकतो. समोर बसवलेला प्रकाशसंवेदक ती लुकलुक वाचतो. दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट सांधा नसल्याने एकाची घरघर दुसऱ्यात उतरत नाही. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला आगेमागे धरून दहा बिट लागतात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. एक सूर सुरू करण्याची सूचना तीन बाइटची, म्हणून तिला साधारण एक मिलिसेकंद लागतो. कानाला हा उशीर कळत नाही.

ते तीन बाइट म्हणजे तीन आकडे, उदाहरणार्थ १४४, ६०, १००. पहिला म्हणतो ‘पहिल्या चॅनेलवर सूर सुरू कर’, दुसरा पट्टीचा क्रमांक, तिसरा जोर. १२८ आणि त्यापुढचे आकडे हुकमांसाठी राखलेले असल्याने पट्टी आणि जोर ० ते १२७ मध्येच बसवावे लागतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी चार ६५. सूर थांबवण्याची सूचना वेगळी पाठवावी लागते. ती विसरली, किंवा प्रोग्राम मध्येच बंद पडला, की सूर अडकून गुणगुणत राहतो. त्यासाठी ‘सगळे सूर बंद’ हा हुकूम (कंट्रोलर क्रमांक १२३) प्रोग्रामच्या शेवटी लिहून ठेवलेला बरा.

प्रत्यक्ष जोडणीत वाद्याची पाठ आधी पाहावी. आपल्या घरांत अशा प्रत्येक वाद्याला, कंपनी कोणतीही असो, ‘कॅसिओ’च म्हणतात. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच कॅसिओंना चौकोनी यूएसबी भोक असते आणि त्याला प्रिंटरची साधी केबल चालते. जुन्या वाद्यांना पाच टाचण्यांची दोन भोके असतात, एक आत येणाऱ्या सूचनांचे आणि एक बाहेर जाणाऱ्या. त्यांच्यासाठी यूएसबी-मिडी केबल मिळते. तिची ‘इन’ लिहिलेली शेपटी वाद्याच्या ‘आउट’मध्ये जाते, कारण ते नाव संगणकाच्या बाजूने दिलेले असते. जोडूनही काही येत नसेल तर आधी दोन्ही शेपट्यांची अदलाबदल करून पाहावी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात. अगदी स्वस्त केबलींत तो प्रकाशाचा सुटा भागच गाळलेला असतो.

हैदराबादमध्ये नारायणगुड्यात राहणाऱ्याला ही खरेदी मेट्रोच्या एकाच मार्गावर करता येते. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या हिरव्या मार्गावर पुढचेच स्थानक सुलतान बाजार. तिथून कोठीची गुजराती गल्ली जवळ आहे, इलेक्ट्रॉनिक सामानासाठी शहरभर ठाऊक असलेली. उलट दिशेने परेड ग्राउंडच्या टोकाला उतरले की थोड्या अंतरावर सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे संगणकांचा बाजार. केबल स्वतः करायची हौस असेल तर गल्ली, तयार हवी असेल तर सेंटर. नारायणगुडा हा भाग मराठी माणसाला परका नाही. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावाची शाळा इथे १९४० पासून आहे आणि त्याच केशव मेमोरियल नावाच्या महाविद्यालयात आज संगणकशास्त्र शिकवतात. आजोबांची पेटी आणि नातवाचा लॅपटॉप एका खोलीत सापडावेत, अशी ही वस्ती.

प्रोग्रामसाठी पायथन ही भाषा सोपी पडते. तिच्यात मिडो आणि आरटीमिडी ही दोन फुकट मिळणारी ग्रंथालये बसवली की वाद्य नावानिशी यादीत दिसते. पहिला प्रोग्राम सरगम ओळखण्याचा करावा. बारा स्वरांची नावे सा, कोमल रे, रे अशा क्रमाने ० ते ११ वर मांडायची, दाबलेल्या पट्टीच्या क्रमांकातून ‘सा’चा क्रमांक वजा करायचा आणि बाराने भागून बाकी घ्यायची. पांढरी चारचा सा धरला आणि ६९ ची पट्टी दाबली तर बाकी ४, म्हणजे शुद्ध गंधार. सा च्या खालची ६० दाबली तर वजाबाकी उणे ५ येते; पायथन तिची बाकी ७ देते आणि मंद्र पंचम बरोबर सापडतो. सी भाषेत तिथे उणे ५ च राहतात, म्हणून आधी बारा मिळवावे लागतात. पट्टी बदलायची तर एकच आकडा बदलायचा. पेटीवाल्याला काळी चारच्या गाण्यासाठी जो सराव लागतो, तो इथे एका ओळीत उरकतो.

दुसरा धडा तालाचा. मात्रा वाजवायची आणि एक सेकंद थांबायचे, असे लिहिले की लय ढिली पडते, कारण सूचना पाठवण्यात गेलेला वेळ त्या सेकंदात धरलेला नसतो. मात्रेमागे दोन मिलिसेकंद निसटले तरी तीनतालाच्या शंभर आवर्तनांत ३.२ सेकंद जातात. प्रत्येक मात्रेची वेळ सुरुवातीच्या सम-क्षणापासून मोजली की ही गळती थांबते. वाद्य निवडताना आणखी एक खोच आहे. १९९१ मध्ये ठरलेल्या १२८ आवाजांच्या यादीत सतार १०५ वी, पण तारेवर मोजणी शून्यापासून होत असल्याने प्रोग्राममध्ये १०४ लिहायचे. त्या यादीत सतार आणि सनई आहेत. तबला नाही आणि हार्मोनियमही नाही. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेसारखी खास भारतासाठीची वाद्ये तबल्याचे बोल आपल्या वेगळ्या क्रमांकांवर देतात.

खरी कसोटी श्रुतींची. पट्ट्यांच्या मधल्या जागा सापडत नाहीत, हा हार्मोनियमवरचा जुना आक्षेप. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने पेटीला दार बंद ठेवण्यामागे तोही होता. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवून त्यावर लाकूड-पितळेत उत्तर दिले. मिडीत तेच काम सूर वाकवण्याच्या सूचनेने होते. तिचा आकडा ० ते १६,३८३ आणि मध्य ८,१९२. दोन्ही बाजूंना बहुधा दोन-दोन अर्धस्वरांची मजल. सेंट हे स्वरांतर मोजण्याचे बारीक माप. पेटीचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर, तर तानपुऱ्यात ऐकू येणारा ३८६ च्या आसपास. हा सुमारे १३.७ सेंटचा फरक म्हणजे सुमारे ५६१ पायऱ्या, म्हणून गंधाराआधी ७,६३१ पाठवायचे. मींड हवी असेल तर हाच आकडा थोड्याथोड्या अंतराने बदलत न्यायचा.

अडचण एकच. वाकवण्याची सूचना एका पट्टीला नव्हे, अख्ख्या चॅनेलला लागू होते. गंधार उतरवला की त्याच चॅनेलवर धरलेला षड्जही त्याच्याबरोबर उतरतो आणि तानपुरा बेसूर होतो. मिडीत सोळा चॅनेल आहेत. षड्ज-पंचम एकावर, गाणारा सूर दुसऱ्यावर, अशी वाटणी केली की दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. अनेक बोटांचे सूर वेगवेगळे वाकवायचे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र चॅनेल देण्याची रीत २०१८ मध्ये अधिकृत झाली. २०२० च्या मिडी २.० मध्ये प्रत्येक सुराला स्वतःची वाकवणी मिळाली आहे, पण घरातल्या कॅसिओला ती भाषा बहुधा येत नाही; त्याच्यासाठी सोळा चॅनेलांची वाटणीच चालते.