नाव अंगाला बेतावी

शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे दौंडच्या दिशेने वाहत जाते. नदीच्या वरच्या अंगाला, पुण्यातील संगमाजवळ, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जुना बोट क्लब आहे. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात सेनादलाचे रोइंग केंद्र आहे. चांदवड तालुक्यातील दुष्काळी गावातून २०१२ मध्ये सैन्यात दाखल झालेल्या दत्तू भोकनळने वल्हे पुण्यातच हाती धरले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स प्रकारात तेरावे स्थान मिळवले. आपल्या घरातील मुलगा सैन्यात गेला, मुलगी अभियांत्रिकीला गेली, तर हा खेळ उद्या आपल्याही दारी येईल. तेव्हा पदकाआधी पाठीचा विचार करावा.

एकेरी स्पर्धेची नाव सुमारे आठ मीटर लांब आणि किमान १४ किलो वजनाची असते. कारखान्यातून आलेली नवी नाव कोणाच्याच मापाची नसते, ती खेळाडूच्या अंगाला बेतावी लागते. पहिले काम पाय रोवण्याच्या फळीचे. खेळाडू पुढे झुकला की त्याची नडगी जवळजवळ उभी असावी, आणि वल्हे ओढून संपले की मुठी बरगड्यांशी अलगद याव्यात. पावले फार उंच बांधली तर ओटीपोटाचा सांगाडा पुढे कलत नाही. उरलेले वाकणे कंबरेचे मणके करतात, तेही प्रत्येक ओढीला. तासाभराच्या सरावात अशा ओढी हजाराच्या घरात जातात. कंबर धरते ती बहुधा इथेच, आणि दोष मात्र मुलाच्या ‘कच्च्या अंगा’ला दिला जातो!

वल्हे ज्या कडीत फिरते तिची उंचीही पाहावी. कडी फार उंच असेल तर खांदे कानाशी चढतात व मनगटे अवघडतात. फार खाली असेल तर लाटेत मूठ मांडीवर आदळते. वल्हवताना डावा हात उजव्याच्या किंचित वरून जात असल्याने डावीकडची कडी साधारण एक सेंटिमीटर उंच ठेवण्याची रीत आहे. वल्ह्याची लांबी सुमारे २८८ सेंटिमीटर, त्यातील ८८ च्या आसपास कडीच्या आतल्या बाजूला. हा आतला भाग एका सेंटिमीटरने कमी केला तरी प्रत्येक ओढ जड होते. वाढत्या वयाच्या मुलांना जड ओढ लावून वेग मिळवण्याचा मोह प्रशिक्षकांनी आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बरगडीला बारीक तडा जाण्याची दुखापत या खेळात अपरिचित नाही.

एका दिवशी एकच बदल करावा, तो वहीत मापासह लिहावा आणि दुसऱ्या दिवशी कुठे दुखले तेही त्याखाली नोंदवावे. दोन बदल एकदम केले तर गुण कशाचा आणि पीडा कशाची, हे कळायला मार्ग उरत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी तपासावी. नावेतील बूट फळीला पक्के असतात. त्यांच्या टाचा दोरीने अशा बांधाव्या लागतात की टाच थोडीशीच उचलली जाईल. मग नाव उलटली तरी पाऊल बुटातून सहज सुटते. ही दोरी तुटलेली असेल तर नाव पाण्यात नेऊ देऊ नये. पोहता येणे ही अर्थातच पहिली अट. नाव उलटल्यास तिला धरूनच राहावे, काठाकडे एकट्याने पोहत निघू नये. हाताला फोड फुटलेला असेल तर मैल्या नदीत उतरणे त्या दिवसापुरते टाळावे.

व्यायामशाळेतील रोइंग यंत्रालाही हेच लागू. बाजूची पट्टी दहावर नेणे म्हणजे शौर्य नव्हे. तीन ते पाच पुरे. पायाचा पट्टा बोटांच्या मागच्या रुंद भागावर यावा. कंबरेची कळ पायात उतरली किंवा बधिरपणा आला, तर यंत्र त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.